एक थाप म्हणजे थांब

१

गाडी मोठी असली की रस्ता लहान होतो. म्हाताऱ्याला हे कुणी शिकवायला नको होतं; त्याचं उभं आयुष्य मालट्रकच्या स्टिअरिंगवर गेलं होतं. पण ट्रकचे रस्ते ठरलेले असत. गोदामातून निघायचं, बंदरावर माल उतरवायचा, आल्या वाटेने परत यायचं. आता स्टिअरिंग तसंच होतं, फक्त मागे मालाच्या जागी घर होतं. ओटा, पलंग, कपाट, खिडक्यांना पडदे, आणि त्या सगळ्याची मालकीण म्हातारी.

कामातून मोकळं झाल्यावर दोघांनी राहतं घर विकलं आणि ही घरगाडी घेतली. जुनीच होती, पण बसएवढी लांब आणि बसपेक्षा हातभर उंच. "आता भाडेकरूही आपणच आणि घरमालकही आपणच," म्हातारी म्हणाली, "भांडायचं कुणाशी?"

"मी आहे की," म्हातारा म्हणाला.

गाडी मागे घ्यायची झाली की म्हातारी खाली उतरायची. ट्रकवर हे काम क्लिनरचं. क्लिनर मागे उभा राहतो आणि गाडीच्या पाठीवर थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. ओरडलेलं इंजिनात विरून जातं, थाप मात्र पत्र्यातून थेट सीटपर्यंत येते. म्हातारी हे इतकं चोख शिकली की म्हातारा तिला लाडाने क्लिनर म्हणायचा आणि ती त्याला उस्ताद. सकाळी निघतानाही तसंच. ती गाडीला एक चक्कर मारायची, पायरी आत ढकललेली, खिडक्या लावलेल्या बघायची, मागे दोन थापा द्यायची आणि पुढे येऊन शेजारी बसायची. थाप आली की म्हातारा गिअर टाकायचा. आरशात बघायचा नाही. "आरसा अंतर चुकीचं दाखवतो," तो म्हणायचा. "क्लिनर चुकत नाही."

या सवयीचं कुणाला काही वाईट वाटण्यासारखं नव्हतं.

२

मुलीला दिवस गेले होते. मागच्या खेपेला मूल हाती लागलं नव्हतं, आणि आई पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. या वेळी तिने फोनवर फार काही मागितलं नाही. "बाबा, काहीही करा, पण आईला वेळेत आणा. मला ती खोलीत हवी."

म्हातारा त्याच दिवशी निघाला. मोबाइलच्या नकाशाने त्याला एका जुन्या कमानीखाली नेलं. गाडी गेली, टपावरचं हवेचं झाकण तिथेच राहिलं, आणि दोघं उजेडात आकाश बघत गॅरेजात परतले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. झाकण बसेपर्यंत म्हातारा शेजारच्या दुकानात गेला, तिथे गाड्यांचे जीपीएस मिळत.

दुकानदार तरुण आणि बोलका होता. "काका, मोबाइलला वाटतं तुम्ही मांजर आहात, फटीतून जाल. हत्तीला हत्तीचा माहूत लागतो. यात गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन सगळं भरायचं. मग तो तुम्हाला मावेल तोच रस्ता दाखवतो."

"आणि नाही मावलो तर?"

"तर त्याला शिव्या द्या, मला नको."

त्याने तीन कंपन्यांचे तीन जीपीएस पुढे मांडले. गाडीला तशीही दोन दिवस रोज रात्री गॅरेजच्या आवारात परतावं लागणार होतं, कारण झाकणाचं रबर वाळायचं होतं. दिवसा सावकाश फिरवायला हरकत नव्हती. दुकानदार म्हणाला, रोज एक घेऊन जा, दुपारपर्यंत जाईल तेवढं जाऊन या, पटेल तो ठेवा.

म्हाताऱ्याने गाडी टेपने मोजली. खाली वाकून मोजताना त्याला सिंकचा पाइप दिसला. सांडपाण्याचं जुनं भोक गंजलं होतं, म्हणून वेल्डरने पाइप फिरवून थेट मागच्या चाकाच्या पाठी काढला होता. "असला पाइप जगात दुसऱ्या गाडीला नसेल, काका," असं तो हसत म्हणाला होता. तिथून पाणी थेंबथेंब गळायचं. म्हाताऱ्याने पुसून घेतलं आणि मापं भरली.

३

पहिल्या जीपीएसमधली बाई खणखणीत आवाजाची होती. "डावीकडे वळा. डावीकडे वळा. आपण वळण चुकलात."

"अगं बाई, या तर वन्सं!" म्हातारी म्हणाली. "चुकलं की लगेच घालूनपाडून."

"माझ्या बहिणीला नावं ठेवू नकोस."

"नावं कुठे, ओळखलं फक्त."

वन्संनी रस्ता मात्र छान दाखवला. पूल उंच, वळणं ऐसपैस. दुपार झाली तशी त्या म्हणाल्या, "आपल्या गाडीसाठी योग्य थांबा जवळ आहे." मोठ्या रस्त्यावरून एक कच्ची वाट फुटत होती, दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडी. गाडी जेमतेम जाईल एवढीच. वाटेच्या शेवटी मैदान होतं. तिन्ही बाजूंना झाडी, एक नळ, एक झाड. माणूस नाही.

म्हाताऱ्याने ट्रकवाल्यांच्या रीतीप्रमाणे गाडी वळवून तोंड वाटेकडे केलं आणि मागे घ्यायला लागला. दोन थापा. दोन थापा. मग चाकं आपसूक खाली बसली, खोबणीत बसावीत तशी, आणि एक थाप आली.

उतरून बघतो तर जमिनीवर चाकोऱ्या होत्या. मातीत मुरलेल्या, काठ गोल झालेल्या. गाडीची चारही चाकं त्यात बरोबर बसली होती. मधलं गवत पिवळं पडलं होतं, लांबलचक चौकोनात. एखादी गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली की खालचं गवत असं पडतं, हे त्याला माहीत होतं. कुणीतरी इथे आधी राहून गेलं असेल. मोठ्या गाड्या साधारण सारख्याच मापाच्या असतात.

तो मागच्या चाकाशी गेला. पिवळ्या चौकोनात त्या एका जागी गवत हिरवंगार, गुडघाभर वाढलेलं होतं. वर बघितलं. वर सिंकचा पाइप होता.

"अहो, चहा झाला," म्हातारी आतून म्हणाली.

"आलो," तो म्हणाला. त्याने बुटाने ते गवत आडवं केलं. ते पुन्हा उभं राहिलं.

४

दुसऱ्या दिवशी दुसरा जीपीएस. यातला आवाज पुरुषाचा आणि आळशी. वळण मागे पडल्यावर सांगायचा. म्हातारीने त्याचं नाव भाऊजी ठेवलं आणि वाटभर त्याला टोमणे मारले. भाऊजींनी नदीपलीकडचा रस्ता धरला, कालच्या रस्त्याशी ज्याचा काही संबंध नव्हता. म्हाताऱ्याला बरं वाटलं. बरं वाटलं हे कळल्यावर त्याला कालपासून बरं वाटत नव्हतं हेही कळलं.

दुपारी भाऊजी म्हणाले, "आपल्या गाडीसाठी योग्य थांबा."

झाडीतून जाणारी वाट, शेवटी मैदान. या वेळी ते मोठ्या रस्त्याच्या उलट्या बाजूने आले होते, म्हणून आत शिरेपर्यंत ओळखू आलं नाही. नळ, झाड, पिवळा चौकोन.

"कालचंच की," म्हातारी म्हणाली. "जागा चांगली असली की सगळे तीच दाखवणार. चांगला डॉक्टर सगळ्यांनाच माहीत असतो."

म्हाताऱ्याला हे पटलं. पटावं असंच ते होतं. तो सरळ निघून जाऊ शकला असता, पण म्हातारीला पाणी भरायचं होतं, आणि पुढे जायचं तर गाडी वळवावी लागणारच होती. त्याने ती वळवली, रिव्हर्स टाकला. मागून दोन थापा आल्या. तो मागे गेला. पुन्हा दोन. चाकं खाली बसली. एक थाप. तो थांबला.

त्याने समोर पाहिलं. समोरच्या काचेतून नळ दिसत होता. म्हातारी नळाखाली कॅन धरून पाठमोरी उभी होती. कॅन जवळजवळ भरला होता.

म्हातारा बसून राहिला. पत्रा उन्हाने तापला की ठणठणतो. इंजिन बंद करताना गाडी आवाज करते. कानांचंही वय झालं. एकेक कारण त्याने नीट हातात घेऊन पाहिलं, आणि एकही अगदीच टाकाऊ नव्हतं.

म्हातारी कॅन घेऊन आली. "माझ्याशिवायच लावलीत? उस्ताद, क्लिनरची नोकरी गेली म्हणायची."

निघण्याआधी तो पाय मोकळे करायला झाडापर्यंत गेला. बुंध्याभोवती दोरीचा तुकडा होता. वाळत घालायची दोरी बांधतात तसा. गाठ मालाची होती, ट्रकवर ताडपत्री आवळतात ती. तिला शेवटी एक उलटा फेरा होता. तो उलटा फेरा म्हाताऱ्याचा स्वतःचा होता. कुणाकडून शिकलेला नव्हता. दोरीवर झाडाची साल चढली होती, मनगटावर घट्ट बांगडी रुतते तशी. साल एवढी चढायला वर्षं लागतात.

ही गाडी घेऊन त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं.

५

"दोन्ही कंपन्या वेगळ्या, नकाशे वेगळे," दुकानदार म्हणाला. "योगायोग, काका. तिसरा घेऊन जा, यात टाळायची जागा टिपून ठेवता येते. तिकडे तो फिरकणार नाही."

तिसऱ्याचा पडदा सगळ्यात मोठा. तो सगळंच विचारायचा, अगदी चाकापुढे गाडीचं नाक किती येतं तेही. म्हाताऱ्याने मैदानावर बोट ठेवलं आणि दुकानदाराने त्यावर लाल फुली मारून दिली. यातली बाई इतकी अदबीने बोलायची की म्हातारी ऐकतच राहिली. "कृपया सरळ चला. आपण फार छान चालला आहात. दमला असाल तर जरा थांबा."

"या विहीणबाई," म्हातारीने निकाल दिला. "पाहुणचार केल्याशिवाय सोडायच्या नाहीत."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. कळा नव्हत्या, पण डॉक्टरांनी चार दिवसांची मुदत दिली होती. "आई, तू येतेस ना नक्की?"

"गाडी माझं घर आहे बाळा, आणि घर तुझ्याकडेच निघालंय," म्हातारी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हाताऱ्याकडे न बघता म्हणाली, "आता बघत बसू नका कुठला चांगला नि कुठला वाईट. घ्या तो आणि चला."

म्हाताऱ्याने विहीणबाईंना घेतलं. सकाळी ते निघाले.

६

दिवसभर ते चालत राहिले. लाल फुली कधीच मागे गेली. मोठी नदी ओलांडली, कारखान्यांची वस्ती गेली, पाट्यांवरची गावं अनोळखी झाली. म्हातारीने कपाटातून उन्हाची टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. त्यांच्यात बोलणं सुरू झालं, नातवंडाचं नाव कुणी ठेवायचं यावरून थोडं वाजलंही. म्हातारा मोकळा झाला होता.

दिवस मावळतीला आला तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "आपण आज खूप चाललात. आपल्या गाडीसाठी योग्य थांबा जवळच आहे."

म्हाताऱ्याने पडदा पाहिला. लाल फुली तिथे कुठे नव्हती. ती अर्ध्या दिवसाच्या अंतरावर मागे होती. तो वळला. झाडी होती, पण तिला पांढरी फुलं आली होती, त्या वाटेला नव्हती. उजेड कमी होता. मैदानात त्याने गाडी वळवली, म्हातारी उतरली, हे त्याने स्वतः पाहिलं. दोन थापा. दोन थापा.

चाकं खाली बसली.

एक थाप.

तो उतरला नाही. उतरायची गरज नव्हती. सीटखाली जे जाणवतं ते डोळ्यांनी बघावं लागत नाही.

म्हातारीने पायरी बाहेर ओढली. "बघा, पायरी कशी चपखल बसली. एवढं सपाट कुठे मिळत नाही." मग ती जरा थांबून म्हणाली, "इथे बरं वाटतं हो. आपल्या जागी आल्यासारखं."

"पुढे जाऊ या," म्हातारा म्हणाला.

"अंधारात? एवढं धूड घेऊन? काहीतरीच. सकाळी जाऊ."

तिचं म्हणणं बरोबर होतं. दोघं जेवली, झोपली. रात्री काहीही झालं नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण म्हातारा रात्रभर त्याचीच वाट पाहत पडला होता. सिंकचं पाणी थेंबथेंब गळत होतं आणि कुठलातरी कीटक किरकिरत होता. पहाटे त्याला डोळा लागला.

७

सकाळ स्वच्छ होती. म्हातारा लवकर स्टिअरिंगवर बसला, इंजिन गरम करत ठेवलं. मागे म्हातारीची आवराआवर चालली होती, कपबशा कपाटात जात होत्या. मागचं दार उघडलं, पायरी सरकली. ती चक्कर मारत असणार.

दोन थापा आल्या.

त्याने गिअर टाकला. शेजारचं दार उघडलं, बंद झालं, सीट दबली. गाडी चाकोऱ्यांतून उचलली गेली आणि मैदानातून वाटेला लागली. दोन्ही बाजूंची पांढरी फुलं आरशांना घासत मागे जाऊ लागली.

आरसा घासला म्हणून त्याने आरशात पाहिलं. नाहीतर पाहिलं नसतं.

मागे, मैदानात, पिवळ्या चौकोनाच्या काठाशी म्हातारी उभी होती. रोज सकाळी झटकते तसं ती पायपुसणं झटकत होती. ती जमिनीवर उभी नव्हती. वीतभर वर होती, पायरी जिथे असते तिथे. तिने पायपुसणं झटकलं, घडी केली, आणि आत जावं तशी मागे वळली. तिच्यामागे आत असं काही नव्हतं.

मग वाट वळली आणि झाडी आड आली.

म्हाताऱ्याची मान आरशाकडे होती तशीच राहिली. शेजारी कुणीतरी बसलं होतं. तिच्या श्वासाचा आवाज, साबणाचा वास, सगळं रोजचं. मान वळवली असती तर एका क्षणात कळलं असतं. त्याने वळवली नाही.

"जमेल तिथे वळा आणि परत फिरा," विहीणबाई म्हणाल्या.

"ते मशीन बंद करा," शेजारून आवाज आला. "आपल्याला रस्ता माहीत आहे."

आवाज म्हातारीचा होता. सर्दीची किनारही तिचीच. पण म्हातारीने विहीणबाईंना मशीन कधी म्हटलं नव्हतं.

तो चालत राहिला. डोक्यात तो एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होता. शेजारची खरी असेल तर मागे उन्हाची तिरीप होती, झोपमोडीचे डोळे होते, आणि हे बोलणं साधं वैतागाचं होतं. मागची खरी असेल तर तो तिला एका उजाड मैदानात सोडून निघाला होता. मुलीला आई हवी होती, खोलीत. ती कुठली, हे त्याला आता सांगता येईना.

तेवढ्यात पाठीमागून थाप आली. पत्र्यावर, सपाट तळहाताची, सीटपर्यंत.

एक.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. उभ्या आयुष्यात त्या थापेनंतर तो हातभरही पुढे गेला नव्हता.

"कशाला थांबलात?" शेजारून आवाज.

त्याने पाय ब्रेकवरच ठेवला.

दोन थापा आल्या. येऊ दे.

वाट अरुंद होती, गाडी वळणार नव्हती. त्याने रिव्हर्स टाकला. आरशात पाहिलं नाही. क्लिनर चुकत नाही. दोन थापा. फुलं उलटी पुढे सरकू लागली. दोन थापा. शेजारून आता श्वासाचाही आवाज येत नव्हता, पण सीट दबलेलीच होती, हे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळत होतं. समोर डॅशबोर्डवर फोन वाजायला लागला. पडद्यावर मुलीचं नाव. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते तिथून सुटायला तयार नव्हते. फोन वाजून वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला.

दोन थापा.

वाट संपली, मैदान लागलं. चाकं सावकाश, ओळखीच्या गादीवर अंग टाकावं तशी, खाली बसली.

एक थाप.

त्याने इंजिन बंद केलं.

"आपण पोचलात," विहीणबाई म्हणाल्या. "आराम करा."

मागे पायरी वाजली, दार उघडलं. कुणीतरी आत आलं. पायपुसणं जमिनीवर टाकल्याचा आवाज झाला, मग कपाट उघडलं, सिंकचा नळ सुटला. खाली, चाकाच्या पाठी, पाणी गळू लागलं. म्हातारा समोरच्या काचेतून नळाकडे, झाडाकडे, झाडीतून जाणाऱ्या वाटेकडे बघत राहिला. फोन अजून वाजत होता.

"अहो," ओट्याकडून म्हातारीचा आवाज आला, "चहा किती कप टाकू?"

म्हाताऱ्याचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

"तीन," शेजारून उत्तर आलं.